कॉन्सोल की कॉम्प्युटर : आमच्या घरातल्या एका खरेदीच्या नोंदी

रविवार, २१ एप्रिल २०२४, सातारा

वही आजपासून सुरू. साइटवर चार पोती सिमेंट आलं तरी मी नोंद करतो, मग पन्नास हजारांच्या खरेदीची का नको, असं बायको म्हणाली. म्हटलं, बरोबर आहे.

कारण असं. लेकीची आठवीत जाण्याआधीची सुट्टी लागते आहे आणि तिला 'गेमिंगचं काहीतरी' हवंय. मलाही हवंय, हे घरात अजून बोललो नाही. माझा शेवटचा खेळ म्हणजे नव्वदच्या दशकातला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन वन' छापलेलं आणि आत तेच दहा-बारा खेळ फिरवून फिरवून. चालली नाही की कॅसेटमध्ये फुंकर मारायची. कॉन्ट्रा आणि मारिओ यांच्यापुढे माझी गाडी गेलीच नाही. कॉलेज, नोकरी, लग्न, आणि मध्ये तीस वर्षं.

बजेट : ५०,०००. स्क्रीन लागली तर तीही त्यातच.

बुधवार, २४ एप्रिल

यादी केली.

आधी कॉन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायची खेळाची तयार मशीनं. सोनीच्या पीएस फाइव्हचं (प्लेस्टेशन ५) सडपातळ मॉडेल याच महिन्यात भारतात आलंय. डिस्कवालं ५४,९९०, बिनडिस्कचं ४४,९९०. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस २०२० साली आला तेव्हा ३४,९९० ला होता; त्यात डिस्क घालायची सोयच नाही, सगळे खेळ डाउनलोड करायचे. निन्टेन्डो स्विच हातात धरूनही चालतो आणि टीव्हीलाही लागतो, पण कंपनी भारतात अधिकृतपणे विकत नाही. जे मिळतात ते बाहेरून आणलेले, म्हणजे बिघडला तर दुकानदार आणि त्याचं मन. स्टीम डेक या हातात धरायच्या पीसीचंही तेच. दोन्हींवर काट मारली.

उरले तीन : पीएस, एक्सबॉक्स, पीसी.

भाच्याला फोन केला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पुण्यात असतो. "मामा, पीसीच घे. कॉन्सोल म्हणजे भाड्याचं घर, खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा." याला भाड्याच्या खोलीचा राग आहे की कॉन्सोलचा, कळलं नाही. १ मेला सुट्टी आहे, जाऊन येतो.

रविवार, २८ एप्रिल

मशीनऐवजी आज घर मोजलं.

टीव्ही : ३२ इंची, एचडी रेडी. म्हणजे आडवे १३६६ ठिपके. पीएस फाइव्ह फोर-के चित्र द्यायला बनवलाय, आडवे ३८४०. तो या टीव्हीवर चालेल, अडणार काही नाही, पण ज्याचे पैसे मोजले त्यातलं बरंचसं चित्र टीव्हीच्या दारातच राहील.

टीव्हीचा ताबा : संध्याकाळी साडेसात ते अकरा अण्णांचं आयपीएल. ते २६ मेला संपेल. त्यानंतर बायकोच्या मालिका, त्या कधीच संपणार नाहीत.

इंटरनेट : ४० एमबीपीएस. मोठा खेळ आजकाल १०० जीबीचा असतो. गणित केलं : साडेपाच तास, तेही वेग पूर्ण मिळाला तर. आणि सिरीज एसच्या ५१२ जीबीतली वापरायला मिळते साधारण ३६४. असे तीन खेळ टाकले की घर भरलं.

वीज : वळवाचे दिवस. काल दोनदा गेली.

हे आधीच करायला हवं होतं. आठवडाभर मशीनांच्या जाहिराती बघत बसलो आणि खरा अडसर दिवाणखान्यात होता. नवीन मशीनला टीव्ही मिळणारच नाही. म्हणजे वेगळी स्क्रीन आली, साधारण ९,००० रुपये. सिरीज एस, २०२० च्याच किमतीनं धरला तर, अधिक स्क्रीन झाले ४३,९९०. बिनडिस्कचा पीएस अधिक स्क्रीन झाले ५३,९९०, बजेटबाहेर.

बुधवार, १ मे

पुणे. भाच्याच्या खोलीवर तीन तास.

त्याचा पीसी चालू केला. विंडोज उठली. खेळाचं दुकान उघडलं, त्याला अपडेट हवं होतं. खेळ उघडला, त्याला त्याच्याच कंपनीचं आणखी एक दुकान हवं होतं, त्याला पासवर्ड हवा होता, पासवर्ड भाच्याला आठवेना. अकरा मिनिटांनी खेळ सुरू झाला. मग मात्र दिसला भन्नाट.

मग त्याच्या मित्राकडे, खालच्या मजल्यावर. पीएस फाइव्ह. कंट्रोलरचं बटण दाबलं आणि काल जिथे थांबला होता तिथून पात्र चालायला लागलं. त्यात आधीच टाकलेला एक छोटा खेळ येतो, एका यंत्रमानवाचा, कंट्रोलर शिकवण्यासाठीच बनवलेला. वाळूवरून चाललं की हातात वाळू करकरते. दहा मिनिटं मी भाच्याशी बोललोच नाही.

परतीच्या एसटीत दोन गोष्टी लिहिल्या.

एक. कॉन्सोलचा सोपेपणा खरा आहे. नवख्याला त्याची किंमत कळते, जुन्या पीसीवाल्याला कळत नाही. अकरा मिनिटं त्याला दिसतच नाहीत.

दोन. त्या मित्राकडे कपाटात डिस्का होत्या. नवा मोठा खेळ ४,९९९ ला, तोच वापरलेला दोन-अडीच हजारांत, खेळून झाला की पुन्हा विकायचा. म्हणून डिस्कच्या आणि बिनडिस्कच्या मॉडेलमधला १०,००० चा फरक सरळ नाही. खेळामागे दोन हजार वाचले तर पाच खेळांत फिटतो. वर्षाला दोन-तीनच खेळ घेणाऱ्याला दोन वर्षं. पण साताऱ्यात वापरलेल्या डिस्का देणारं-घेणारं कोण? पुण्याची बात वेगळी.

मंगळवार, ७ मे

मतदान करून आलो. बोटाला शाई, हातात फोन. निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी आज सांगितलं की स्विचनंतरच्या मशीनची घोषणा पुढच्या मार्चच्या आत होईल. काट मारली होती ते बरंच झालं. २०१७ चं मशीन, तेही अधिकृत दुरुस्तीशिवाय, नेमकं आता घेणं म्हणजे चतुर्दशीला गणपती बसवण्यासारखं.

संध्याकाळी दुसरी बातमी : मायक्रोसॉफ्टनं आपले काही स्टुडिओ बंद केले, त्यातला एक टोकियोचा टँगो गेमवर्क्स, ज्याचा मागच्या वर्षीचा खेळ लोकांनी डोक्यावर घेतला होता. तो खेळ एक्सबॉक्सचा म्हणून आला आणि या मार्चमध्ये पीएसवरही पोचला. 'सी ऑफ थीव्ह्ज' हा एक्सबॉक्सचा दुसरा हुकमी पत्ता तर ३० एप्रिललाच पीएसवर आला. 'हा खेळ फक्त याच मशीनवर' ही भिंत पडायला लागली आहे. ज्या खेळासाठी म्हणून मशीन निवडायचं तो खेळच उद्या शेजाऱ्याकडे दिसणार.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग थांबा की अजून वर्षभर." हेच नको होतं.

शनिवार, ११ मे

भाच्यानं एक्सबॉक्सचा जुना कंट्रोलर एसटीनं पाठवला. यात दोन पेन्सिल सेल लागतात! घरातल्या घड्याळाचे काढून घातले.

प्रयोग असा : काहीही विकत घेण्याआधी दोन आठवडे जुन्या लॅपटॉपवर खेळायचं. २०१९ चा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड (खेळाचं चित्र काढणारा भाग) नाही. 'पोर्टल टू' घेतला, २०११ चा. आठेक जीबीचा, अर्ध्या तासात उतरला. स्टीम या पीसीच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात परतीची सोय आहे : विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत. म्हणजे घड्याळ लावून चव घ्यायची.

सोमवार, १३ मे

दोन अंगठ्यांचं गणित कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या वेळी एक अंगठा चालायला आणि एक उडी मारायला. आता डावा अंगठा चालतो आणि उजवा मान फिरवतो, दोन्ही एकाच वेळी. मी अर्धा तास छताकडे बघत भिंतीला धडका दिल्या. लेक हसून लोळली. तिसऱ्या दिवशी हात बसला, सायकलसारखा, अचानक.

बायकोला मात्र दहा मिनिटांत गरगरलं. पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या खेळांत काहींना असं होतं. डोळे म्हणतात चाललोय, कान म्हणतात बसलोय. भाच्यानं सुचवलं म्हणून स्क्रीनपासून लांब बसून, दिवा लावून पाहिलं, थोडं बरं वाटलं, पण तिनं तो खेळ सोडला. हेच ५५,००० चं मशीन आणून कळलं असतं तर?

अण्णांना कंट्रोलर दिला. त्यांनी उलटा धरला. "आरं, ह्यात क्रिकेट न्हाई व्हय?" आहे अण्णा, पण या लॅपटॉपला झेपत नाही.

गुरुवार, १६ मे

लेकीशी नीट बोलणं झालं. तिला 'गेमिंगचं काहीतरी' नकोच आहे. तिला माइनक्राफ्ट हवंय, ठोकळे रचून बांधायचा खेळ, आणि तेही वर्गातल्या चार मुलींबरोबर. त्यातल्या तिघी फोनवर खेळतात, एक कॉम्प्युटरवर. त्या खेळाची बेडरॉक नावाची आवृत्ती असली की फोन, कॉन्सोल, विंडोज सगळे एकत्र खेळू शकतात. पण मेख अशी की पीएस किंवा एक्सबॉक्सवरून ऑनलाइन जायचं तर त्यांचं सभासदत्व लागतं, दर वर्षी पैसे. फुकटच्या खेळांना ते लागत नाही, माइनक्राफ्टसारख्या विकतच्या खेळाला लागतं. फोनवर आणि विंडोजवर मुळीच लागत नाही. कॉन्सोलच्या खोक्यावरचा स्वस्तपणा इथे पातळ होतो.

आज 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा पीएसचा गाजलेला खेळ पीसीवर आला. पीएसवर २०२० लाच आला होता. भाच्यानं सकाळी सातला मेसेज केला, "मामा, बघ!" बघितलं. चार वर्षं उशिरा आला. आणि मला काय फरक पडला? माझ्यासाठी तो आजच आला.

मग हेच डोक्यात घोळत राहिलं. दुकानातले सगळे लोक, भाचासुद्धा, मला यंदाच्या खेळांसाठी मशीन विकतायत. यंदाचा खेळ आणि २०११ चा खेळ माझ्यासाठी सारखेच नवे आहेत. तीस वर्षांचं न खेळलेलं माझ्यापुढे पडलंय, आणि त्यातलं बहुतेक साध्या मशीनवर चालतं, सेलमध्ये मातीमोल मिळतं. उशिरा आलेल्याची ही एकच चैन आहे.

शनिवार, २५ मे

ठरलं. पीसी, पण ग्राफिक्स कार्डाशिवाय.

भाच्याची पहिली यादी बजेटबाहेर होती, त्यात एकटं कार्ड २१,०००. ते काढलं. त्याऐवजी रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर, सहा कोअर, चित्र काढण्याची ताकद त्याच्याच पोटात. नव्या जड खेळांना तो पुरणार नाही, जुन्यांना पुरेल. भाचा रुसला. मग म्हणाला, "ठीक, पण एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, चांगला घे, ५५० वॉटचा. उद्या कार्ड टाकायचं म्हटलं तर तोच आडवा येतो."

प्रोसेसर १२,०००
मदरबोर्ड ६,५००
रॅम (मेमरी) १६ जीबी ३,५००
१ टीबी एसएसडी (साठवण) ५,५००
एसएमपीएस ४,०००
कॅबिनेट ३,०००
मॉनिटर, २४ इंची, ९,०००
यूपीएस २,८००
कीबोर्ड-माऊस १,२००

एकूण ४७,५००. कंट्रोलर भाच्याचाच, तो आता परत मागत नाहीये.

या यादीत नेहमी विसरते ती विंडोज. आमचा २०१६ चा असेंबल केलेला डेस्कटॉप माळ्यावर मेलेला आहे. त्याची विंडोज डब्यातली, वेगळी विकत घेतलेली होती, ती नव्या मशीनवर नेता येते. मशीनबरोबर आलेली असती तर आली नसती. हे नशीब नसतं तर हिशेब डिस्कवाल्या पीएसच्या आसपास गेला असता आणि निर्णय इतका सोपा नसता, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

आणि हो, बायकोला सांगताना मी 'अभ्यासालाही होईल' असं म्हणालो. या वाक्यावर महाराष्ट्रात किती कॉम्प्युटर विकले गेले असतील!

रविवार, २ जून

भाचा आला. सामान पुण्याच्या एका दुकानातून त्यानंच उचललं. जेवणाच्या टेबलावर जोडणी. लेकीनं प्रोसेसर बसवला. जोर लावायचा नाही, त्रिकोणाशी त्रिकोण जुळवायचा आणि तो आपोआप खाली बसतो. कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या बारीक वायरींनी चाळीस मिनिटं खाल्ली. चारला पहिल्यांदा पंखा फिरला. अण्णांनी नारळ फोडायला लावला.

मंगळवार, ४ जून

देशात मतमोजणी, घरात मनस्ताप. खेळ अडखळतायत. 'राजी' सुद्धा. हा पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला, २०२० चा. देवादिकांच्या भिंती आणि महाल बघण्यासाठी मुद्दाम घेतला होता. आणि तो धापा टाकतोय. बायकोनं काही म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

शनिवार, ८ जून

सापडलं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर लिहिलं होतं : वेग २६६६, जागा वापरल्या दोनपैकी एक.

यादीत आम्ही ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लिहिल्या होत्या. दुकानानं १६ ची एकच दिली, भाच्यानं एकूण आकडा बघून घेतली. एरवी फारसं बिघडलं नसतं. पण आमच्या मशीनला वेगळं कार्ड नाही, चित्र काढणारा भाग हीच रॅम वापरतो. एक पट्टी म्हणजे एकच रस्ता : ३२०० च्या वेगानं सेकंदाला २५.६ जीबी. दोन पट्ट्या म्हणजे दुहेरी रस्ता, ५१.२. आणि आमची तर ३२०० वरही नव्हती, कारण बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी नावाचा पर्याय चालू केल्याशिवाय मेमरी सावकाशच चालते. बैलजोडीऐवजी एकच बैल, तोही लंगडा.

भाचा फोनवर गप्प. मग, "सॉरी मामा." अरे, मीही टेबलापाशीच उभा होतो की.

शनिवार, १५ जून

दुकानानं कुरकुर न करता पट्टी बदलून दिली, एसटीनं आली. दोन्ही बसवल्या, दोन्ही जागा भरल्या, एक्सएमपी चालू. 'राजी' पळायला लागली. त्याच मशीनवर, तेवढ्याच पैशांत. कुणी 'ग्राफिक्स कार्डाशिवाय पीसी बेकार' म्हणालं तर आधी पट्ट्या किती आहेत ते विचारायचं, असं ठरवलंय.

रात्री वीज गेली. यूपीएसनं शिटी मारली आणि खेळ सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ दिला. २,८०० वसूल.

गुरुवार, २७ जून

स्टीमचा समर सेल आपल्याकडे रात्री साडेदहाला उघडला. लेक झोपली होती, मी नाही. मर्यादा १,५००. 'जीटीए फाइव्ह' घेतला नाही. मशीनला झेपेल, पण तो प्रौढांसाठीचा आहे आणि मशीन सगळ्यांच्या खोलीत आहे. शाळा सुरू झाल्यापासून लेकीला शनिवार-रविवार, मला रात्री जेवणानंतर पाऊण तास. तो पाऊण तास मी खेळतो त्यापेक्षा यादी चाळण्यात जास्त जातो, हा नवा रोग लागलाय.

अण्णांचं क्रिकेट राहिलंच. नवा क्रिकेटचा खेळ या मशीनवर रडतखडत चालेल असं भाचा म्हणतो, आणि रडतखडत क्रिकेट म्हणजे चेंडू येऊन गेल्यावर बॅट. तिथे कॉन्सोल जिंकला असता. म्हणून त्यांच्यासाठी 'स्टारड्यू व्हॅली' घेतला, २०१६ चा, एका माणसानं एकट्यानं बनवलेला शेतीचा खेळ. वरून दिसतो, मान फिरवायला लागत नाही, एका अंगठ्यात भागतं.

गुरुवार, ११ जुलै

सेल आज संपतोय. खर्च ४७,५००, वर खेळांचे १,३४०, माइनक्राफ्ट वेगळं.

लेक : माइनक्राफ्ट, पाच जणी मिळून किल्ला बांधतायत. अजिंक्यतारा म्हणतात त्याला. चार बुरूज झाले, दरवाजा कुठे यावरून भांडण.

मी आणि लेक : 'पोर्टल टू' चा जोडीनं खेळायचा भाग, स्क्रीन मधोमध कापून, ती कीबोर्डवर, मी कंट्रोलरवर. ती मला मुद्दाम खड्ड्यात पाडते.

बायको : काही नाही. मॉनिटरवर मालिका बघते, टीव्हीवर अण्णा असले की.

ग्राफिक्स कार्ड : रकाना रिकामा. दिवाळीला बघू.

अण्णा : जन्मभर कोरेगावला आल्याची शेती केलेला माणूस. पहिल्या दिवशी पार्सनिप म्हणून पांढऱ्या गाजरासारखं काहीतरी चार दिवसांत उपटायला आलं तर चिडले. "चार दिसांत? आल्याला नऊ महिने जातात!" एका ऋतूचे अठ्ठावीसच दिवस, हेही पटलं नाही. तरी रोज दुपारी बसतात. आता त्यांच्या शेतात शरद लागलाय, भोपळे लावलेत. भोपळ्याला तेरा दिवस लागतात, हे त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.